एनओसी नाही म्हणून कंपनी माल देत नाही? माझा अनुभव

ताई, कोपरखैरण्यात गाळा घेतलाय, औषधांच्या होलसेलचं लायसन्स हातात आहे आणि कंपनीचा एरिया मॅनेजर म्हणतोय आधी केमिस्ट असोसिएशनची एनओसी (ना हरकत पत्र) आणा मग बघू, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. ठाण्यात मी अगदी हेच भोगलंय. वकील नाही मी, औषधांचा होलसेलवाला आहे, तेवढं धरून वाचा.

लायसन्स, जीएसटी वगैरे तुम्हाला माहीतच आहे. एनओसी कुठल्याच कायद्यात नाही. उलट प्रतिस्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ प्रमाणे व्यापाऱ्यांनी किंवा त्यांच्या संघटनेनं मिळून सप्लाय अडवणंच बेकायदा आहे. याच एनओसीवरून प्रतिस्पर्धा आयोगानं (हा कायदा राबवणारा केंद्राचा आयोग) २०१२ मध्ये गोव्याच्या केमिस्ट संघटनेला आणि २०१३ मध्ये सांटुका असोसिएट्सच्या तक्रारीवर थेट देशपातळीवरच्या संघटनेला दंड केलाय. म्हणजे नवीन काही सिद्ध करायचं नाहीये.

माझे सगळ्यात जास्त महिने खाल्ले ते एका सरकारी ऑफिसनं. नाव घेत नाही. अर्ज घेऊन गेलं की साहेब व्हिजिटला, साहेब असले की इनवर्डचा क्लार्क नाही, पोच मागितली की "ठेवून जा हो, बघतो". शेवटी काय सांगितलं, तर हा तुम्हा व्यापाऱ्यांचा आपसातला मामला, पदाधिकाऱ्यांना भेटा आणि समजुतीनं मिटवा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच दारात पाठवलं! इकडे गाळ्याचं भाडं चालू, फ्रीज रिकामा, वागळे इस्टेटचे रिटेलर फोन करून इन्सुलिन विचारतायत आणि मी नाही म्हणतोय. "हे आमच्याकडे येत नाही, आयोगाकडे जा" एवढी एक ओळ लिहून दिली असती तरी चाललं असतं. अजून राग येतो.

तर तुम्ही असं करा. एनओसी मागणारी मंडळी तसं लेखी कधीच देत नाहीत, म्हणून एरिया मॅनेजरच्या मागे लागू नका, कंपनीच्या हेड ऑफिसच्या लीगलला मेल टाका, अ‍ॅडव्हान्स पेमेंटची तयारी आहे, माल नाकारण्याचं कारण लेखी कळवा, आणि खाली आयोगाच्या त्या दोन ऑर्डरचा उल्लेख. माझं घोडं तिथंच हललं. माझ्या मते कंपनीला शत्रू धरू नये, असोसिएशनच्या बहिष्काराची भीती तिलाही असते. असोसिएशननं फंड मागितला तर कॅश अजिबात नको.

नाहीच जमलं तर आयोग. कोणी म्हणेल ठाणे कोर्टात दावा टाका, पण याच कायद्याच्या कलम ६१ मुळे दिवाणी कोर्ट यात पडू शकत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे तारखा जपून ठेवा. मात्र आयोग तुम्हाला स्टॉकिस्टशिप (कंपनीचा माल थेट घेऊन विकायची एजन्सी) मिळवून देईल या भरवशावर राहू नका, चौकशीला वर्षं जातात आणि नुकसानभरपाईसाठी नंतर अपिलीय न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तरी करा, असं माझं ठाम मत, कारण आपल्या मागून येणाऱ्यालाही हाच दरवाजा बंद मिळणार आहे. फक्त त्याआधी या कायद्यातल्या वकिलाला एकदा कागद दाखवा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आणि हो, तोवर सर्जिकल आणि जेनेरिकवर गाळा चालू ठेवा, भाड्यापुरतं निघतं. जेनेरिकमध्ये उधारी फार मागतात, लिमिट पहिल्या बिलालाच सांगून टाका.