२५ हजारांत ५.१ चा खोका घ्यावा की दोन चांगले स्पीकर?

मालक, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. जुळे सोलापुरात फ्लॅट, बारा बाय चौदाचा हॉल, ४३ इंची टीव्ही, खर्चाला २५ हजार. टीव्हीवर संवाद नीट कळत नाहीत, आई सारखी 'काय म्हणाला?' विचारते, आणि नव्या पेठेतला दुकानदार पाच स्पीकर आणि सबवूफर एकाच खोक्यात देतोय, वर 'हजार वॉट' सांगतोय. काही वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच चाललं होतं, फक्त आईच्या जागी वडील होते. आवाज वाढवला की गाणी कानठळ्या बसवायची, आणि बोलणं तरी कळायचं नाहीच.

डॉल्बी (सिनेमाच्या आवाजाचं डिजिटल रूप), ५.१ (पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर), वूफर-ट्वीटर (जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. माझं मत आधीच सांगतो: तो खोका घेऊ नका. हे माझ्या अनुभवावरचं मत आहे, कुणाचा असा सेट दहा वर्षं चालला असेल तर चांगलंच आहे. पण का घेऊ नये, ते सविस्तर सांगतो.

आम्ही घेतला तोही असाच सेट. पहिले काही महिने सगळे खूश. वर्ष पुरं व्हायच्या आत, ऐन मे महिन्यात, सबवूफरवरचा दिवा लागेना. अशा सेटमध्ये सबवूफर बंद म्हणजे सगळंच बंद, कारण पाचही स्पीकरचा ॲम्प्लिफायर (आवाजाचा जोर वाढवणारं यंत्र), रिमोटचा सेन्सर, इनपुटचं सर्किट, सगळं त्या एका लाकडी डब्यात कोंबलेलं असतं.

मग त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसाने डबा उघडूनही बघितला नाही. बिल पाहिलं, वॉरंटी कार्ड पाहिलं आणि हाताने एक चिठ्ठी लिहून दिली: 'सेट डेड'. तारीख नाही, सिरियल नंबर नाही. जॉबशीट, म्हणजे वस्तू दुरुस्तीला घेतल्याची पावती, मागितली तर म्हणे, 'सिस्टिममध्ये एंट्री आहे, काळजी करू नका.' त्यानंतर जेव्हा फोन करावा तेव्हा पार्ट पुण्याहून यायचा असायचा. पाऊस संपला, गणपती झाले, दसरा आला. वॉरंटीची तारीख मधल्या मधे उलटून गेली. आणि ती उलटल्यावर निदान आलं: 'बोर्ड हाय व्होल्टेजने जळलाय, वॉरंटीत बसत नाही.'

व्होल्टेज कशावरून ठरवलं, विचारलं. त्याच प्लगबोर्डवर टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि राउटर होते, त्यांना धक्काही लागला नाही. उत्तर नाही. बरं, मग हेच लेखी द्या म्हटलं. 'तसं देता येत नाही.' नव्या बोर्डाची किंमत सांगितली ती सेटच्या निम्म्याहून जास्त, तीही आगाऊ भरायची, आणि कधी येईल याची खात्री नाही. वडील संध्याकाळी टीव्हीसमोर बसले की विचारायचे, 'आलं का रे ते?' पैसे गेले ते गेले, पण ज्या माणसाला काही महिने नीट ऐकू आलं, त्याला पुन्हा ओठांकडे बघत बसायला लावलं, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

शेवटी सेट उचलून अशोक चौकाच्या बाजूला एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडे नेला. त्यांनी माझ्यासमोर मागची प्लेट काढली. जळल्याचा वास नाही, काळा डाग नाही, फ्यूज शाबूत. पॉवर सप्लायमधल्या दोन मोठ्या कॅपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या नळकांड्यांची) डोकी मात्र फुगली होती. सपाट असायला हवं तिथं बोटाला उंचवटा लागत होता, आणि एकाच्या डोक्यावरच्या खाचेतून तपकिरी द्रव बाहेर येऊन वाळला होता. ते म्हणाले, हे गरमीचं काम आहे. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. बंद डब्यात ॲम्प्लिफायर, बाहेर आपला सोलापूरचा चाळिशीपार उन्हाळा, मग दुसरं काय होणार? त्यांनी कॅपॅसिटर बदलले, पॉवर आली, पण रिमोट आणि इनपुटचा बोर्ड काही जागा होईना. त्यावरच्या आयसीत, म्हणजे चिपमध्ये, कंपनीचा प्रोग्राम असतो, तो बाजारात मिळत नाही.

उरले पाच छोटे स्पीकर. तेही दुसरीकडे लावता येईनात. प्लग त्या कंपनीचेच, आणि इंपिडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) तीन ओम. बाजारातले बहुतेक ॲम्प्लिफायर चार, सहा किंवा आठ ओमच्या स्पीकरसाठी बनवलेले असतात. त्याहून कमी ओमचा स्पीकर जोडला तर करंट जास्त ओढला जातो, ॲम्प्लिफायर तापतो किंवा स्वतःला बंद करून घेतो. एक बोर्ड गेला आणि सहाच्या सहा वस्तू अडगळीत गेल्या. बजेट कमी असणाऱ्याला हा धोका परवडत नाही. श्रीमंत माणूस दुसरा सेट आणेल, आपल्याला ते जमत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक वस्तू वेगळी असावी, एक बिघडली तर तेवढीच बदलता यावी. साधे पॅसिव्ह स्पीकर, म्हणजे ज्यांच्या आत ॲम्प्लिफायर नसतो आणि विजेचा प्लग लागत नाही, मागे लाल-काळे स्क्रूचे टर्मिनल असतात, ते नीट वापरले तर वीस-वीस वर्षं टिकतात. ॲम्प्लिफायर आज हा, उद्या दुसरा.

आता ते हजार वॉट. दुकानात सेट उलटा करा आणि मागची पाटी वाचा. आमच्या सेटवर 'पॉवर कन्झम्प्शन' ६० वॉट लिहिलं होतं. ती पाटी पूर्ण आवाजावरची नसते हे मान्य, तरी भिंतीतून एवढीच वीज घेणारी वस्तू सलग हजार वॉट कुठून देणार? पीएमपीओचा (क्षणभराच्या ताकदीचा, फुगवलेला) आकडा तर सरळ विसरा, आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॉट, विचारा. आणि मुळात तुमच्या हॉलला एवढे वॉट लागतच नाहीत. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर म्हणजे १ वॉटवर १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल. सोफा तीन मीटरवर असेल तर, उघड्या मैदानाचा हिशेब धरला तरी, सुमारे साडेनऊ डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर म्हणून तीन वाढवा. म्हणजे एकेक वॉटवर ८० च्या आसपास, आणि १० वॉटवर ९०. घरात म्हातारी माणसं असताना नव्वद म्हणजे पुष्कळ झालं. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणून ४० वॉट की ८० वॉट या वादात पडू नका. ते पैसे स्पीकरवर घाला.

२५ हजारांत मी काय करेन? पाच-साडेपाच इंची वूफरचे दोन चांगले बुकशेल्फ (छोट्या डब्याचे) स्पीकर आणि एक साधा स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन स्पीकरचा, ॲम्प्लिफायर, शक्यतो एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरीने ॲम्प्लिफायरकडे नेणारी सोय) असलेला. पैशांचा मोठा वाटा स्पीकरला. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, भाव आणि मॉडेल सारखे बदलतात. ॲम्प्लिफायरला सबवूफरचं आउटपुट आहे ना, तेवढं बघा. पुढच्या दिवाळीला सबवूफर घ्या. त्याच्या पुढे कधीतरी एव्ही रिसीव्हर (५.१ चे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर), आणि मग सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर. सेंटर मात्र पुढच्या दोन स्पीकरच्याच मालिकेतला घ्या, नाहीतर बोलणारा माणूस पडद्यावर इकडून तिकडे गेला की त्याचा आवाजच बदलतो. मागचे दोन स्वस्तातले चालतील.

दोनच स्पीकरवर संवाद कळतील का, ही तुमची खरी शंका आहे. कळतील. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, म्हणून शब्द विरतात. ट्वीटर कानाच्या उंचीला आणि तोंड सोफ्याकडे असलं की निम्मं काम होतं. दोन स्पीकर आणि बसणारा मिळून साधारण सारख्या बाजूंचा त्रिकोण करा, मधोमध बसणाऱ्याला आवाज पडद्यातूनच येतोय असं वाटतं. कडेला बसणाऱ्याला जवळचा स्पीकर जास्त ऐकू येतो, ही मर्यादा आहे. तेव्हा आईची जागा मधली ठेवा. शिवाय आपण रोज बघतो त्या मालिका आणि बातम्या बहुतांशी स्टिरिओतच असतात, मागचे स्पीकर तिथं नुसते भिंतीची शोभा.

जोडणीतली एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ऑप्टिकल वायर (प्रकाशातून डिजिटल आवाज नेणारी) लावली आणि आवाजच आला नाही, तर ॲम्प्लिफायर परत करायला धावू नका. टीव्ही डॉल्बी पाठवत असतो आणि साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला ते उलगडता येत नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा, उलगडावा न लागणारा डिजिटल आवाज) करा. आणि एआरसीचा आग्रह मी धरतो तो आवाजाच्या दर्जासाठी नाही. एआरसी आणि सीईसी (एका रिमोटने जोडलेलं दुसरं यंत्र चालवायची सोय) चालू असलं की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकलवर बहुतेक वेळा दुसरा रिमोट लागतो, आणि वयस्क माणसाच्या हातात दोन रिमोट दिले की ती सिस्टिम वापरलीच जात नाही. एचडीएमआयच्या ज्या पोर्टवर 'एआरसी' लिहिलंय, वायर त्यातच घाला.

जुना रिसीव्हर घ्यायचा विचार असेल तर: २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर एआरसी आलं, त्याआधीच्या मॉडेलमध्ये ते नसणार. जुन्या रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड बऱ्याचदा आधी जातो, तेव्हा नुसता चालू करून दाखवला म्हणून पैसे देऊ नका. प्रत्येक चॅनेलला, म्हणजे स्पीकरच्या प्रत्येक जोडणीला, स्पीकर जोडून ऐका, अर्धा तास चालू ठेवा. घरी आल्यावर टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यात बंद करू नका, वर वीतभर जागा मोकळी ठेवा. आपल्याकडे गरमी हा यंत्राचा पहिला शत्रू आहे.

उन्हाळ्यावरून आठवलं. एप्रिल-मेत हॉलमध्ये कूलर चालू असतो, त्याच्या आवाजात हळू बोलणं बुडून जातं. त्या दिवसांत टीव्हीवर किंवा रिसीव्हरवर 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज'चं सेटिंग चालू करा. धमाके खाली येतात, कुजबूज वर येते. सिनेमाचा जोर थोडा जातो, पण आईला कळणं महत्त्वाचं.

फरशी उघडी आणि भिंती कोऱ्या असतील तर हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टणटण प्रतिध्वनी आला तर सोफ्यामागच्या भिंतीवर आपली सोलापुरी चादर, दुहेरी करून, चुण्या पाडून, भिंतीपासून चार बोटं अंतरावर टांगा. शब्द लगेच स्पष्ट होतात. बास, म्हणजे खोल आवाज, मात्र चादरीने आवरत नाही. बारा बाय चौदाच्या खोलीत साधारण ४० आणि ४७ हर्ट्झला घुमायला होणारच. सबवूफर घ्याल तेव्हा तो कोपऱ्यात कोंबू नका. आधी तो सोफ्यावर ठेवून गाणं लावा आणि खोलीत फिरून बघा, जिथं बास मोकळा ऐकू येईल ती त्याची जागा. खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करा.

वायर दीड चौरस मिमीची, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची विकतात, टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

आता कागदपत्रं. मी वकील नाही, तेव्हा पुढचं नीट विचारून करा. कुठल्याही सर्व्हिस सेंटरमध्ये वस्तू ठेवताना तारीख, सिरियल नंबर आणि तक्रार लिहिलेली, शिक्क्याची जॉबशीट मिळाल्याशिवाय वस्तू काउंटरवर सोडू नका. देत नसतील तर वस्तू उचला आणि तिथूनच कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथं तक्रार केल्यावर मला कंपनीचा फोन आला, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जॉबशीटचा, आणि माझ्याकडे ती बिनतारखेची चिठ्ठी होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीच्या गावी जायला नको. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

दुकानदाराला अजून आगाऊ रक्कम दिली नसेल तर थांबा. टीव्हीच्या मागच्या पोर्टांचा फोटो आणि सोफा ते टीव्ही किती फूट आहे ते इथं टाका, आणि स्टँड ठेवायला जागा आहे की भिंतीलाच लावावे लागतील तेही सांगा. त्यावरून बासची हवा बाहेर सोडणारं छिद्र स्पीकरच्या मागे असलेले घ्यायचे की पुढे, ते ठरवता येईल.