तिला चौकटीतून उतरवू नकोस

तुझ्या कथेचा खर्डा वाचला. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र आणि त्यासमोर रोज येऊन उभा राहणारा म्हातारा. कल्पना झकास. पण दुसऱ्याच पानावर चित्रातली ती हाती दिवा धरलेली बाई बोलायला लागते, तिथे मी वाचन थांबवलं. (माझ्या पहिल्या कथेत तर चित्र चक्क रडलं होतं, तेव्हा लाजू नकोस.)

त्यापेक्षा म्हाताऱ्याला नीट बघायला लाव. ज्योतीला आडोसा धरलेली बोटं बघ, उजेड त्यांतून तांबूस झिरपतो. आणि हे जलरंग आहेत, तैलरंग नव्हेत! जलरंगात उजेड मागाहून चढवता येत नाही, उजेडाच्या जागी कागद आधीच कोरा राखावा लागतो. म्हातारा साइनबोर्ड रंगवणारा असेल तर त्याला हे कळेल, आणि तिथेच त्याचं वेड खरं वाटेल.

अजून एक. पुष्कळ लोक हे चित्र रविवर्म्याचं समजतात. तुझ्या म्हाताऱ्यानेही तसंच समजावं, आणि एक दिवस कळावं की समोर उभी आहे ती चित्रकाराचीच मुलगी. त्याला स्वतःला मुलगी आहे का? ते तू लिहिलेलंच नाहीस.

‘मंत्रमुग्ध’ सात वेळा आलाय, सातही काढ. पुढचा खर्डा गणपतीनंतर पाठव.