काम कमी झालंय, की आपणच गप्प बसलोय?

"मॅडम, लिहिण्यावर घर चालेल का हो आता?" मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षं सारखा ऐकतेय. विचारणारे वेगवेगळे असतात, कुणी घरून भाषांतरं करतं, कुणी कंपन्यांसाठी ब्लॉग लिहितं, कुणी पुण्या-मुंबईच्या एजन्सींना कंटेंट पुरवतं, पण वाक्य ठरलेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि मग हळूहळू क्लायंट म्हणायला लागले की आता एवढे पैसे कशाला, ते तर मशीनच लिहितं. त्यात बिलं थकलेली, घरात हप्ते चालू, आणि सांगलीसारख्या गावात "घरात बसून नक्की काय करतेस गं?" असं विचारणारे नातेवाईक. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच. सगळ्यांना उपयोग होईल.

तिला आपण मेघना म्हणू. नाव बदललंय, काही तपशीलही बदललेत, आणि तिची परवानगी घेतलीय.

मेघना आली तेव्हा हातात वही, वहीत दिवसाचं टाइमटेबल, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत. दोन ऑनलाइन कोर्स चालू, पोर्टफोलिओ तिसऱ्यांदा नव्याने मांडलेला, रेट शब्दाला ८० पैशांवरून ३० पैशांवर आणलेला. आणि एका एजन्सीकडे ३८,००० रुपये अडकलेले. झोप नाही, छातीत धडधड, नवऱ्याशी चिडचिड. म्हणाली, "एवढं राबतोय तरी काम वाढेना, मीच कुठंतरी कमी पडतोय."

मी तिची वही नीट पाहिली. अठरा तासांत एकही फोन नव्हता. ना जुन्या क्लायंटला, ना नव्या, ना ज्यांच्याकडे पैसे अडकलेत त्यांना. इतकी मेहनती मुलगी आणि ज्या एका कामाने धंदा चालतो तेवढंच वगळून बाकी सगळं करत होती. हे मी इतरांतही पाहिलंय. भीती दर वेळी आपल्याला झोपवून ठेवते असं नाही, कधीकधी ती आपल्याला भरपूर राबवून घेते, म्हणजे आपल्यालाही कळत नाही की आपण कशापासून तरी पळतोय. आता कोर्स करणाऱ्या माणसाला पळपुटा कोण म्हणणार!

मी विचारलं, "त्या ३८ हजारांचं काय?"

"दोनदा मेल केलाय की."

"फोन?"

"फोन कसा करायचा मॅडम. त्यांना वाटेल हिला काहीच काम नाही, पैशासाठी मागं लागलीय."

तेव्हा मी तो विषय तिथेच सोडला. समजावून सांगून ही गाठ सुटत नाही, उलट आवळते, हे एवढ्या वर्षांच्या कामानंतर मी खात्रीने सांगू शकते.

पुढच्या भेटींमध्ये तिची जुनी गोष्ट बाहेर आली. ती आधी गावात एका प्रेसमध्ये मजकूर आणि प्रुफं बघायची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. प्रेसमध्ये पाणी, कागद गेला, मशीन गेलं, मालकाने हात वर केले. तिथून तिने फ्रीलान्सिंग सुरू केलं. जरा बस्तान बसतंय तोवर मार्च २०२० चा लॉकडाऊन, मग जुलै २०२१ ला परत पूर. आणि या सगळ्यातून ती टिकली होती! हे ती अगदी सहज सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाचं तरी सांगतेय.

मी थांबवलं. म्हटलं, "२०१९ ला पहिलं काम कसं मिळालं ते सांग."

"फोन केले की. ओळखीचे, बिनओळखीचे, सगळ्यांना. सरळ सांगितलं, प्रेस बुडाली, काम पाहिजे. एका हळदीच्या व्यापाऱ्याने बॉक्सवरचा मजकूर दिला लिहायला, तिथून सुरू झालं."

"लाज नाही वाटली?"

"लाज कसली मॅडम, सगळं गावच पाण्यात होतं."

"आणि आता?"

ती बोलता बोलता थांबली. बराच वेळ काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही. मग हळू म्हणाली, "आता पाणी दिसत नाही ना कुणाला."

मला आजही त्या क्षणाचं फार समाधान वाटतं, कारण हे वाक्य मी तिला दिलेलं नव्हतं, ते तिचं तिला सापडलं. पुराच्या वेळी काम गेलं याचं कारण सगळ्यांना दिसत होतं, म्हणून काम मागताना तिची मान ताठ होती. आता मंदी आहे, मशीन आलंय, एजन्सींचं बजेट कापलंय, पण हे कारण रस्त्यावर उभं राहून दिसत नाही, म्हणून तिने सगळा दोष स्वतःवर घेतला. काम गेलं म्हणजे मी कमी पडले, आणि कमी पडलेल्या माणसाने फोन कोणत्या तोंडाने करायचा? मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. १९५५ पासून तो माणूस हेच सांगत राहिला की घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो त्याने आपण जास्त कोसळतो. ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोरच्या खुर्चीत घडताना बघणं वेगळं.

मग मी पुढचा प्रश्न विचारला. "त्या एजन्सीवाल्याने पैसे दिलेच नाहीत, तर तुझ्याबद्दल काय सिद्ध होतं?"

"की माझ्या लिहिण्याला किंमत नाही."

"तो मजकूर त्याने वापरला का?"

"वापरला की. अजून वेबसाइटवर आहे."

"मग पैसे न देण्यावरून कळतं ते कुणाबद्दल?"

यावर ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले.

त्याच भेटीत आम्ही मेसेज लिहिला. तिचा पहिला मसुदा चांगला लांबलचक होता, सुरुवात "सॉरी सर, डिस्टर्ब करतेय", मध्ये घरची अडचण, शेवटी "जमलं तर बघा". मी म्हटलं हे त्या हळदीवाल्याला त्याची उधारी वसूल करायला लिहून द्यायचं असतं तर कसं लिहिलं असतंस? पाच मिनिटांत झालं: "नमस्कार सर. १२ जूनच्या बिलाचे ३८,००० रुपये येणे आहेत, मुदत उलटून दोन महिने झाले. शुक्रवारपर्यंत जमा करावेत. उद्या अकरा वाजता फोन करते." बास. दुसऱ्याच्या पैशासाठी जे पेन झरझर चालतं ते स्वतःच्या पैशाला अडतं, लिहिणाऱ्या जवळपास सगळ्यांचं हेच होतं. फोनसाठी तिने वडिलांची पद्धत घेतली. ते मार्केट यार्डात अडतीवर दिवाणजी होते, वसुलीला गेले की आधी पाऊसपाणी, पोरांच्या शाळा विचारायचे, आणि उठताना वही उघडून "एवढं राहिलंय बघा" म्हणायचे. आवाज चढायचा नाही आणि आकडा सांगितल्याशिवाय ते उठायचेही नाहीत.

निम्मे पैसे त्या आठवड्यात आले, बाकीचे हप्त्याने. पण मला महत्त्वाचं वाटलं ते हे की फोन केला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं, तरी ती रात्री झोपली.

आता जे सगळेच विचारतात त्याबद्दल. मनाचं काम आणि कागदाचं काम दोन्ही एकत्र करावं लागतं, नुसतं "पॉझिटिव्ह रहा" म्हणून कुणाचं बिल निघत नाही. पहिलं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि काम घेण्याआधीच केलेली बरी. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, करारच नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नाहीच दिले तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. बिलाच्या तळाशी ही एक ओळ आणि उद्यम नंबर टाकला तरी समोरच्याचा सूर बदलतो, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. दुसरं, नव्या क्लायंटकडून निम्मे पैसे आधी, आणि रेट, मुदत, किती वेळा दुरुस्ती करून देणार हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लिहून. बिलातून बऱ्याचदा दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो, तोही तुमचाच पैसा आहे, पण आयकर रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही, आणि कितीतरी लिहिणारे रिटर्नच भरत नाहीत!

रेट कमी करू का? माझं मत, घाबरून करू नका. ३० पैशांवर आलेलं काम पोट भरत नाही आणि चांगला क्लायंट शोधायला वेळही ठेवत नाही. कमी पैशात करायचंच असेल तर काम छोटं करून द्या, तेच काम स्वस्तात नको. आणि सगळं पोट एकाच एजन्सीवर ठेवू नका, ती बुडाली की तुम्हीही बुडाल.

काम कुठे आहे, तर जवळ बघा. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे आधी नाक मुरडतात. मिरजेत एवढी हॉस्पिटलं, ऑपरेशननंतर काय खायचं, टाके कसे जपायचे हे पेशंटला कळेल अशा मराठीत लिहून देणारं कुणीतरी लागतंच. पतसंस्था, साखर कारखाने यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, म्हणजे उन्हाळा संपता संपता अहवालाच्या मजकुरासाठी भेटून यायचं, ऑगस्टमध्ये जाऊन उपयोग नाही. सांगलीचा बेदाणा, सांगलीची हळद, दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, पण किती पाकिटांवर धड दोन वाक्यं असतात? इथे मशीन कमी पडतं कारण इथे आधी जाऊन बसावं लागतं, विचारावं लागतं. मशीन वापरा जरूर, कच्च्या मसुद्याला, शोधाशोधीला, पण ज्याला माणूस भेटला त्याचं लिहिणं वेगळं निघतं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. झोप, जेवण दोन-दोन आठवडे बिघडलेलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर तो धंद्याचा प्रश्न राहिलेला नाही. तेव्हा जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ वर टेलिमानसला फोन करा, सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि शेवटचा प्रश्न, जो दार उघडून जाताना विचारतात, "मग नोकरी धरू का?" धरा की! त्यात लिहिणं सोडलं असं काही होत नाही. मेघनाने सध्या मिरजेत एका ठिकाणी अर्धवेळ काम धरलंय, घराचा हप्ता त्यातून जातो, आणि सकाळी दहा ते अकरा फक्त फोन, रोज. परवा कळवलं की एका पतसंस्थेच्या अहवालाचं काम ठरलं, निम्मे पैसे आधी घेऊन.