घनसाळ सेंद्रिय करा, पण ठेव मोडू नका

प्रश्न : आजरा तालुक्यात आमची दोन एकर भातशेती आहे, सगळा घनसाळ, म्हणजे इकडचा सुवासिक भात. एकरी 12 क्विंटल भात निघतं, गावातच 4,500 रुपयांनी जातं. खर्च एकरी 30,000. आता सेंद्रिय भात उत्पादकांची सहकारी संस्था निघते आहे. ती 6,500 दर देऊ म्हणते. पण एक लाखाचे शेअर्स आणि भात भरडायच्या गिरणीसाठी दोन लाखांची ठेव मागते. वडिलांची तीन लाखांची बँकेतली ठेव मोडावी का?

उत्तर : मोडू नका. संस्थेचे सभासद जरूर व्हा, फक्त कमीत कमी शेअर्स घेऊन. सहकारात एक सभासद, एक मत. लाखाचे शेअर्स घेतले म्हणून तुमचा शब्द जड होत नाही. लाभांशाला कायद्याने साधारण 15 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि शेअर परत केला तर दर्शनी किंमतच मिळते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, उत्पादक संस्थेतल्या ठेवीला तो नसतो. गिरणीला वर्षभर काम मिळेलच असं नाही. तिच्यासाठी वडिलांची पुंजी अडकवू नका.

आता शेताचा हिशेब. आज एकरी 24,000 उरतात. सेंद्रियमध्ये खत-औषधाचे 6,000 वाचतात असं धरू. पण तणनाशक बंद झालं की एक भांगलण वाढते : 12 बायका, 300 रुपये हजेरी, म्हणजे 3,600. शेणखताच्या दोन ट्रॉल्या विकत घेतल्या तर आणखी 7,000. खर्च 34,600 वर गेला. शेणखतातलं नत्र सावकाश सुटतं, फुटव्याच्या वेळी पिकाला कमी पडतं. म्हणून सुरुवातीला उतारा 9 क्विंटल धरा. 6,500 ने 58,500 आले, उरले 23,900. म्हणजे इतका चढा दर मिळूनही तुम्ही आहात तिथेच.

आणि तो दर पहिल्या दिवसापासून मिळत नाही. हंगामी पिकाला दोन वर्षांचा संक्रमण काळ असतो, तेवढ्यात ‘सेंद्रिय’ म्हणून माल विकता येत नाही. तोवर 5,000 मिळाले तर एकरी 10,400 च उरतात. दोन एकर, दोन हंगाम मिळून 54,400 ची खोट. हजेरी, ट्रॉली, दर मी धरलेले आहेत. तुमच्याकडचे घालून बघा. तिसऱ्या वर्षी उतारा 11 वर आला तर मात्र एकरी 36,900 उरतील. घरची जनावरं असतील तर 7,000 वाचतात, तेव्हा चित्र आधीच बदलतं.

म्हणून यंदा एकच एकर घ्या. संस्थेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणात अर्धी जमीन चालते का, हे आधी लेखी विचारा. दुसऱ्या एकरात इंद्रायणी लावा, म्हणजे खळ्यावर दोन्हींची सरमिसळ होणार नाही. वळवाच्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरा आणि दीड महिन्याचा झाला की चिखलणीत गाडा. घनसाळ उंच वाढतो, युरिया जास्त झाला की लोळतो. त्या दृष्टीने वाण सेंद्रियला सोयीचाच आहे. वरच्या खाचराचं पाणी मात्र बघा. शेजाऱ्याने युरिया टाकला की तो बांधावरून थेट तुमच्याकडे उतरतो आणि तपासणीत नेमकं तिथेच अडतं. वरच्या बाजूने चर काढून पाणी वळवा.

संस्थेला विक्रीचा हिशेब मागा. एक क्विंटल भाताचा 62 किलो तांदूळ झाला तर 6,500 च्या दराने नुसता माल किलोला 105 रुपयांना पडतो. भरडाई, पिशवी, वाहतूक धरून 115. दुकानदाराचे विक्रीदरावर 20 टक्के धरले की ग्राहकाला 144. कोल्हापुरात या दराने किती पोती खपतील, ते कोणी विचारून आलंय का? आजरा घनसाळला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, ते मोठं बळ आहे. पण पिशवीवर ते नाव छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

सगळं भात एकदम भरडू देऊ नका. ओलावा 14 टक्क्यांवर आला की भात पोत्यात ठेवावं आणि मागणीप्रमाणे भरडावं. कमी पॉलिशच्या तांदळाला दोन-तीन महिन्यांत खवट वास येतो. भाड्याच्या गिरणीत आधीच्या भाताचे दाणे राहतात, तेव्हा पहिले काही किलो वेगळे काढा.

माल तुकड्यातुकड्याने विकला जाणार, म्हणजे पैसेही तसेच येणार. माल घातल्यावर आठ दिवसांत किती टक्के, बाकी कोणत्या तारखेला, हे पावतीवर हवं. तेवढं लिहून देत नसतील तर यंदा भात नेहमीच्या व्यापाऱ्यालाच घाला.