पी-अर्कचा बँड येत नाही: बाटलीआधी लायसेटवर संशय घ्या

तुम्ही लिहिलंय की महापेच्या तुमच्या लॅबमध्ये वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये वेगळी केलेली प्रोटीनं मेम्ब्रेनवर घेऊन अँटीबॉडीने शोधायची पद्धत) टोटल ईआरकेचा, म्हणजे पेशीत संकेत वाहणाऱ्या या प्रोटीनच्या सगळ्या साठ्याचा, बँड ठसठशीत येतो, फॉस्फो-ईआरकेचं, म्हणजे फॉस्फेट चढलेल्या ईआरकेचं (हेच पी-अर्क), मेम्ब्रेन मात्र कोरं. फॉस्फोच्या अँटीबॉडीचं पार्सल शनिवार-रविवार गेटवरच्या केबिनमध्ये पडून राहिलं, आइसपॅकचं पाणी झालं, म्हणून अँटीबॉडी मेली असणार, असा तुमचा तर्क. मला तो पटत नाही. आयजीजी (या अँटीबॉडीचा प्रकार) हा चिवट रेणू आहे, दोन दिवसांच्या उकाड्याने सहसा मरत नाही. तिला जास्त त्रास होतो तो पुन्हापुन्हा गोठवण्या-वितळवण्याचा. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० मध्येही ती पातळच राहते, ते बघून घाबरू नका.

मुळात ही अँटीबॉडी ईआरके शोधतच नाही, ती शोधते ईआरकेची एक अवस्था. मेक हे एन्झाइम थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ वर फॉस्फेट चढवतं (हे ईआरके-१ चे क्रमांक, ईआरके-२ मध्ये १८५ आणि १८७), तेव्हाच तिला काही दिसतं. पेशी शांत बसल्या असतील तर टोटल भरपूर आणि फॉस्फो जवळजवळ शून्य, हे अगदी बरोबर उत्तर असू शकतं. (लॅबमध्ये सगळे ‘पी-अर्क’ म्हणतात. माझ्या आजीला कितीतरी दिवस वाटायचं, मी कसला तरी अर्क काढायच्या नोकरीला आहे.)

मी रबाळ्याला असताना ईजीएफ (पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रोटीन) दिलेल्या सहा प्लेटा एकदम बाहेर काढून ठेवायचे. पहिलीचं लायसेट (पेशी फोडून केलेलं द्रावण) होईपर्यंत शेवटची पंधरा मिनिटं टेबलावर ताटकळत असायची. ईजीएफनंतर हा सिग्नल पाच-दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. म्हणजे माझ्या प्लेटांवर लिहिलेल्या वेळा खोट्याच होत्या, आणि मी दोन महिने अँटीबॉडीवाल्यांशी फोनवर भांडत होते! आता एकेक प्लेट घेते: मीडियम ओतून टाकलं, बर्फगार बफरने एकदा धुतलं, लगेच लायसिस बफर. घाई असेल तर सरळ गरम सँपल बफरच ओतते. फॉस्फटेजना (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमांना) वेळच द्यायचा नाही.

लायसिस बफरमध्ये फॉस्फटेज रोखणारे सोडियम फ्लोराइड आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट दोन्ही ताजे घातलेत ना? व्हॅनाडेट पीएच १० ला आणून, रंग जाईपर्यंत उकळून घ्यावं लागतं. पिवळट द्रावण तसंच वापरलं तर टायरोसिनवरचं फॉस्फेट राखायला त्याचा फारसा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्याच लिहिण्यात सापडली: आधी टोटल, मग स्ट्रिप (मेम्ब्रेनवरची अँटीबॉडी धुऊन काढणं), मग फॉस्फो. हे उलटं करा. स्ट्रिपिंगमध्ये थोडं प्रोटीन जातंच, आणि नाजूक सिग्नल नेहमी दुसऱ्या नंबरवर मार खातो. दुधाच्या ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा दुधाने झाकण्याला) सगळे शिव्या घालतात, कारण त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. माझ्या मते तुमचा गुन्हेगार तो नाही, तरी अँटीबॉडी ५ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या.

आता एकच जेल चालवा. हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी पेशी) शांत होण्यासाठी रात्रभर सीरमशिवाय ठेवा. एक लेन तशीच, दुसरी ईजीएफ १०० नॅनोग्रॅम प्रति मिली पाच मिनिटं, तिसरीत ईजीएफच्या अर्धा तास आधी यू०१२६ (मेकला रोखणारं रसायन) दहा मायक्रोमोलर. मधल्या लेनमध्ये ४२ आणि ४४ किलोडाल्टनला जोडबँड आला आणि तिसरीत विझला, तर बाटली ठणठणीत आहे, घोळ तुमच्या सँपलमध्ये आहे.

मधलीही कोरीच राहिली, तर आधी बफरमध्ये कुणी सोडियम अझाइड घातलंय का ते बघा, बँड उजळवणारं एचआरपी हे एन्झाइम त्याने बंद पडतं. तेही नसेल तर खुशाल नवी बाटली मागवा. फक्त डिलिव्हरी शुक्रवारी घेऊ नका.