नर्सिंगची फी नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

सातारा जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. वय ४६, खाजगी कंपनीत स्टोअरकीपर, हातात पगार ३४ हजार. मुलगी बारावी सायन्स झाली, ५८ टक्के, आणि तिला नर्सिंगच करायचंय. पाठचा मुलगा नववीत. भावाभावांनी मिळून जमीन विकली, त्यातले ९ लाख यांच्या वाट्याला आले. दोन ठिकाणं बघून ठेवलीत. एक ट्रस्टचं कॉलेज, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी), तीन वर्षं, वर्षाला १ लाख ६० हजार फी, वर होस्टेल-मेसचे ७० हजार. दुसरं तालुक्यातच, 'प्रॅक्टिकल नर्सिंग डिप्लोमा', एक वर्ष, सगळे मिळून ६५ हजार, नोकरीची शंभर टक्के गॅरंटी आणि पुढे जर्मनी. तिथे सीट बुकिंगचे ५ हजार भरूनही झालेत. प्रश्न एवढाच की सर, महाग घेऊ की स्वस्त?

आणि मग अगदी शेवटी, ता.क. म्हणून एक ओळ. "पैसे पडून राहू नयेत म्हणून बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून २ लाख गॅरंटीड इन्कम प्लॅनमध्ये टाकलेत, पॉलिसी तीन आठवड्यांपूर्वी घरी आली, मुलीच्या फीचं त्यातून भागेल." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

दादा, तुम्हाला मी मेल केलाच आहे कारण यात दिवस मोजायची वेळ आलीये, पण तुमच्यासारखे बरेच जण असतील म्हणून इथेही लिहितो. कॉलेजचं नंतर बोलू. आधी त्या पानावर काय छापलंय ते वाचा. वार्षिक प्रीमियम २ लाख. प्रीमियम भरायची मुदत ७ वर्षं. म्हणजे तुम्ही २ लाख 'टाकलेले' नाहीत, तुम्ही १४ लाख भरायचं कबूल केलंय. आणि पहिला पैसा परत येणार नववं वर्ष संपल्यावर, तिथून पुढे १५ वर्षं दरसाल १ लाख ८० हजार. मुलीची फी आहे या वर्षी, पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी. पॉलिसीचा पहिला हप्ता येईल तेव्हा ती सत्तावीस वर्षांची असेल. यातून फी भागणार कशी, हे त्या साहेबांना कुणी विचारलं का?

आता हिशोब करू, फार बारीक नको. ९ लाखातले २ गेले, राहिले ७. ट्रस्टचं कॉलेज घेतलं तर फी आणि होस्टेल मिळून वर्षाला २ लाख ३०, तीन वर्षांचे ७ लाख. झाले पैसे संपले. आणि पॉलिसीचे अजून सहा हप्ते बाकी, १२ लाख. ते कुठून? पगारातून म्हणाल तर महिन्याला १६-१७ हजार बाजूला काढावे लागतील, म्हणजे निम्मा पगार. तुम्ही ते करू शकणार नाही आणि करूही नका. म्हणजे होणार काय तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी हप्ता थकणार, पॉलिसी बंद पडणार आणि भरलेल्यातला मोठा तुकडा कापून उरलेलं हातात येणार. ऑक्टोबर २०२४ पासून नियम थोडे बरे झालेत, एक वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरलेला असेल तर पहिल्या वर्षानंतरही काहीतरी सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळते, पण काहीतरीच. २ लाखांचे २ लाख नाही.

बरं, समजा तुम्ही सातही हप्ते भरले असते तरी काय मिळालं असतं? "१४ भरा २७ घ्या, जवळजवळ डबल" असं सांगितलं असणार, मला ती वाक्यं पाठ आहेत. पण ते २७ लाख तेवीस-चोवीस वर्षांत पसरून येतात. वार्षिक परतावा काढला तर सव्वापाच-साडेपाच टक्के. पोस्टात जाऊन पीपीएफचं बचत खातं उघडलं असतं तर २०२० पासून ७.१ टक्के मिळतायत, तेही सरकारी आणि तेही करमुक्त. आणि करमुक्तचं म्हणाल तर तुमचा वर्षाचा पगार ४ लाख, तुम्हाला आयकर बसतच नाही, मग 'टॅक्स फ्री इन्कम' हे गाजर तुमच्यापुढे धरायचं कारणच काय? पण समोरचा माणूस तुमची गरज बघत नव्हता, खात्यात अचानक ९ लाख दिसले ते बघत होता.

आता चांगली गोष्ट. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. आधी बऱ्याच पॉलिसींना १५ दिवस होते, २०२४ पासून सगळ्यांना ३० आहेत. तुमचे तीन आठवडे गेले, आठवडाभर उरलाय. आणि एक बघा, पॉलिसी आधी ईमेलवर आली असेल तर कंपनी ती तारीख धरू शकते, म्हणून आज रात्रीच इनबॉक्स तपासा. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेला नाही. कंपनीच्या जवळच्या शाखेत लेखी द्या, पोच घ्या, तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवरही टाका. कारण लिहायचं साधं सरळ, की ७ वर्षं प्रीमियम आहे हे मला सांगितलं नव्हतं, अटी मान्य नाहीत. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. २ लाखांत हे कापणं फार नसतं.

हे कळल्यावर साहेबांचा फोन येणार. "आता कॅन्सल केलं तर सगळे पैसे बुडतील", "फक्त तीन वर्षं भरा मग बंद करा", "मी बघतो, पुढच्या आठवड्यात या". त्या पुढच्या आठवड्यातच तुमची मुदत संपते, म्हणून जाऊ नका. कंपनीच्या व्हेरिफिकेशन कॉलवर, म्हणजे अटी मान्य आहेत ना हे विचारणाऱ्या फोनवर, तुम्ही "हो हो" म्हणालात हे ते काढतील, काढू दे, फ्री लूकला त्याने फरक पडत नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, तरी नाही तर विमा लोकपाल. पण पोच असलेला अर्ज मुदतीत पोचला असेल तर बहुतेक वेळा एवढं लांबत नाही.

हां, आणि विमा तुम्हाला हवाच आहे, फक्त हा नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटे, दोन मुलं शिकतायत. साठीपर्यंतचा ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे त्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या, या वयाला व्यसन नसेल तर वर्षाला साधारण पंधरा हजारांच्या आसपास जाईल. शेवटी पैसे परत मिळणारा वगैरे नको.

आता कॉलेज. तुम्ही दोन कॉलेजांची तुलना करताय असं तुम्हाला वाटतंय, पण त्यातलं एक नर्सिंगचं कॉलेजच नाही. आपल्याकडे नर्स म्हणून नोंदणी होते ती एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी), जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बी.एस्सी. चार. एका वर्षाच्या 'प्रॅक्टिकल नर्सिंग'वर महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मिळत नाही. नंबर नाही तर सरकारी भरतीचा फॉर्म भरता येत नाही, बऱ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून घेत नाहीत, वॉर्डात मदतनीस म्हणून घेतात आणि तोच पगार देतात. ते काम कमी आहे असं मी म्हणत नाही, पण ते शिकायला ६५ हजार लागत नाहीत, आणि पाच वर्षांनी मुलगी तिथल्या तिथेच असते कारण पुढच्या शिक्षणाला तो कागद धरत नाहीत. जीएनएम केलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून वर जाता येतं.

जर्मनीचं तर बोलूच नका. राज्य सरकारने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जाहिरातीत जर्मनी चांगलं खपतंय. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला आधी इथलं मान्यताप्राप्त शिक्षण लागतं आणि जर्मन भाषा साधारण बी-टू पातळीपर्यंत. एका वर्षाच्या डिप्लोमावर कोण कुठे नेणार?

मग ट्रस्टचं कॉलेज घ्यावं का? घ्यावं असं लगेच म्हणत नाही. १ लाख ६० हजार फी आहे म्हणजे क्वालिटी आहे असं नसतं, कधीकधी फक्त इमारत चांगली असते. नर्सिंग शिकतात पेशंटजवळ, त्यामुळे मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, की यांचं स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं आणि त्या भरलेल्या असतात का. इंडियन नर्सिंग काउन्सिलचा निकष १०० खाटांच्या हॉस्पिटलचा आहे, कागदावर सगळ्यांकडे १०० असतात. तुम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दहा-अकराला, ठरवून न जाता सहज जा आणि वॉर्डातून चक्कर मारा. निम्म्या खाटांवर चादर सुद्धा नसेल तर समजून घ्या. लेबर रूममध्ये महिन्याला किती डिलिव्हरी होतात ते विचारा, कारण जीएनएममध्ये मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम, आहे, डिलिव्हरी बघायलाच मिळाली नाही तर मुलगी रजिस्टरमध्ये खोट्या केसेस उतरवून पास होईल आणि पहिल्या नोकरीत तिची पंचाईत होईल. प्रिन्सिपलशी बोलण्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला, त्यांना विचारा की ड्युटीला कुठे पाठवतात, शिकवायला कोण असतं, आणि मागच्या बॅचच्या मुली आता कुठे आहेत. त्या सांगतात सगळं. काउन्सिलची मान्यता या वर्षाची आहे का आणि किती जागांची आहे ते काउन्सिलच्या यादीतच बघा, कॉलेजच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये नाही. आणि फी लेखी घ्या, युनिफॉर्म, परीक्षा, क्लिनिकलची बस, 'डेव्हलपमेंट' असं करत करत वर्षाला तीस-चाळीस हजार सहज वाढतात. मध्येच सोडलं तर उरलेल्या वर्षांची फी मागणार का, ओरिजिनल मार्कशीट अडकवून ठेवणार का, हेही आधीच विचारा.

पण त्याआधी मला सांगा, सरकारी कॉलेजचं काय? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. जिल्हा रुग्णालयांना आणि सरकारी मेडिकल कॉलेजांना जोडलेली नर्सिंग स्कूल आहेत, फी हजारांत, पेशंट ढिगाने. तिथे मुलगी जे बघेल ते कुठलं ट्रस्ट दाखवणार नाही. दुसरं, तिला सायन्स आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजीत मिळून ४५ टक्के असतील तर ती बी.एस्सी. नर्सिंगला बसते, त्यासाठी राज्याची सीईटी असते. तिथून सरकारी प्रवेश फेरीतून जागा मिळाली, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असलात तर २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण शुल्कात १०० टक्के सवलत आहे, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. या वर्षीची सीईटी हुकली असेल तर एक वर्ष थांबून देणं हा पर्याय मी ७ लाखांच्या तुलनेत गंभीरपणे घेईन. मुलीला नकोसं वाटेल, तिच्याशी बोला.

मिळकतीचा अंदाजही असू द्या. राज्य सरकारच्या नोकरीत अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन ३५,४०० पासून, एएनएमवर जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका झाली तर २५,५०० पासून, वर भत्ते. पण भरती निघेल तेव्हा निघेल. खाजगीत सुरुवातीला १५ ते २० हजार धरा. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये लहान खाजगी हॉस्पिटलातही किमान २० हजार द्या अशी शिफारस केली होती, ती शिफारसच राहिली. त्यामुळे ७ लाख घालून पहिल्या वर्षी ४० हजार पगार असली स्वप्नं कुणी दाखवली असतील तर सोडून द्या.

आणि खाजगी जीएनएमच करायचं ठरलं तर सगळे पैसे जमिनीच्या रकमेतून घालू नका. ४ लाखांचं एज्युकेशन लोन घ्या, तेवढ्याला तारण लागत नाही. तुमचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत आहे म्हणजे केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत तुम्ही बसू शकता, कोर्सचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं व्याज सरकार भरतं, सव्वा लाखाच्या घरात जाईल ते. अट अशी की संस्थेला नर्सिंग काउन्सिलची मान्यता हवी, म्हणजे तो तालुक्यातला डिप्लोमा इथेही बाद. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. पुढे १० टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साडेसहा-पावणेसात हजार, तो मुलगी तिच्या पगारातून भरेल, ओढाताण होईल पण जमेल. बँकवाला म्हणाला की पॉलिसी ठेवा तर लोन देतो, तर हे लेखी द्या म्हणा, देणार नाही, कारण अशी सक्ती त्यांना करता येत नाही. मग दुसऱ्या बँकेत जा.

असं केलं तर तुमच्या ९ लाखातले तीन कोर्सला जातात. त्यातले पहिल्या वर्षाचे हाताशी ठेवा, बाकीचे एक आणि दोन वर्षांच्या एफडीत लावा. २ लाख अडीअडचणीला. उरलेले ४ मुलाचे, त्याची बारावी तीन वर्षांवर आलीये, तेही एफडीत किंवा पोस्टात. शेअर, म्युच्युअल फंड, काही नको या पैशाला.

बुकिंगचे ५ हजार एकदा मागून बघा, पावती दाखवून. बहुतेक देणार नाहीत. नाही दिले तर सोडून द्या, ते वसूल करायला म्हणून मुलीला तिथे घालू नका.