व्यायच्या आधी कॅल्शियम, व्याल्यावर गूळ

प्रश्न : आमची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय तिसऱ्यांदा व्यायली. शेवटचा महिनाभर रोज कॅल्शियमचं औषध पाजलं, लसूण घासही भरपूर घातला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसली ती उठेना. मान पोटाकडे वळलेली, कान गार. कॅल्शियमच्या सलाईनवर उठली. एवढं देऊनही कॅल्शियमच कसं कमी पडलं?
*– एक वाचक, औसा (जि. लातूर)*

उत्तर : हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, गार पडतं. तुम्ही दिलेलं कॅल्शियम कमी नव्हतं, अवेळी होतं. 10 लिटर चिकातून सुमारे 23 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. रक्तात एका वेळी असतं जेमतेम 3 ग्रॅम. बाकीचं हाडांतून आणि आतड्यातून ओढून आणायचं काम गळ्यातल्या ग्रंथींच्या संप्रेरकाचं. महिनाभर आयतं मिळालं की या ग्रंथी सुस्तावतात. व्याल्यावर त्यांना जोर धरायला दोन-तीन दिवस लागतात, आणि गाय नेमकी त्याच दिवसांत बसते. घासात कॅल्शियम तर असतंच, शिवाय पोटॅशियमही जास्त. त्यामुळे संप्रेरकाचा असर आणखी कमी होतो.

पुढच्या वेताला शेवटचे तीन आठवडे पातळ कॅल्शियम आणि लसूण घास बंद ठेवा. कडबा, मक्याचा चारा, थोडं आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) आणि गाभण गाईसाठीचं खनिज मिश्रण चालू द्या. व्याल्याबरोबर कॅल्शियम जेलची एक मात्रा आणि 12 ते 24 तासांनी दुसरी द्या. पण गाय उभी असेल आणि नीट गिळत असेल तरच. वासराला पोटभर पाजा, मात्र पहिले दोन दिवस कास पिळून रिकामी करू नका.

आणि बसलेल्या गाईला बाटलीनं काहीही पाजू नका, ही हात जोडून विनंती. तिची गिळण्याची ताकद गेलेली असते, औषध थेट फुफ्फुसात उतरतं. डॉक्टर येईपर्यंत तिला छातीवर बसवा, दोन्ही बाजूंना भुसकटाच्या गोण्या लावा, म्हणजे पोट फुगणार नाही. शिरेतून कॅल्शियम घाईनं सोडलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून बाटली कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश द्यावी लागते. हे काम डॉक्टरांचंच.

प्रश्न : गाय व्यायला महिना झाला. दूध 16 लिटरवरून 9 वर आलं. सरकी पेंड तोंडात घेत नाही, कडबा मात्र खाते. रोज अर्धा किलो गूळ पाजतोय, फरक नाही.
*– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)*

उत्तर : पेंड सोडून कडबा खाणं ही किटोसिसची खूण. शेण घट्ट आणि चकचकीत आहे का, श्वासाला गोडसर वास येतो का, ते पाहा आणि लघवीत कीटोन आहेत का हे सांगणारी रोथेरा तपासणी करून घ्या. दूध जोरात सुरू होतं, पण भूक तेवढी वाढलेली नसते. मग गाय अंगची चरबी जाळते, त्यातून यकृतात कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात आणि रक्तात साचतात. व्यायच्या वेळी अंगानं फार लठ्ठ असलेल्या गाईला हे जास्त गाठतं.

गुळाचा उपयोग होत नाही, कारण साखर रक्तात पोचायच्या आधीच कोठीपोटातले (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू ती आंबवतात. त्यातून ब्युटिरिक आम्लही तयार होतं आणि त्याचे पुन्हा कीटोनच होतात. गूळ आजच बंद करा. प्रोपिलीन ग्लायकॉल रोज 250 ते 300 मिली, तीन ते पाच दिवस पाजतात. यकृतात त्याचं ग्लुकोज होतं. गाय फारच मलूल असेल तर डॉक्टर शिरेतून डेक्स्ट्रोज देतील. खायला लागली की आंबोण एकदम वाढवू नका, रोज पाव-अर्धा किलोनंच वाढवा.

प्रश्न : कारखाना सुरू झाला की चार महिने दुभत्या गाईंना उसाचं वाढंच (शेंड्याची हिरवी पानं) असतं. चालेल का?
*– एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)*

उत्तर : नुसतं वाढं नको. त्यातलं ऑक्झलेट पोटातच कॅल्शियम बांधून टाकतं आणि ते शेणावाटे जातं. निम्मा कडबा किंवा सोयाबीनचं भुसकट मिसळा आणि रोज 50 ते 100 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात कालवून द्या. पाण्यात टाकू नका, तळाशी बसतं.